हंडा मोर्चाचं निवेदन कसं लिहावं

तहसील कचेरीबाहेरच्या निंबाखाली बसून मी बावीस वर्षं अर्ज लिहितोय. तापीकाठचा आमचा तालुका. खाली केळीच्या बागा हिरव्यागार, वर सातपुड्याच्या अंगाला मार्च लागला की विहिरी तळाला जातात. दर उन्हाळ्यात मोर्चाचं निवेदन लिहून घ्यायला कोणी ना कोणी येतंच.

काही वर्षांपूर्वी वरच्या एका पाड्याच्या पंधरा-वीस बाया आल्या. मी नेहमीसारखं लिहून दिलं : ‘मोर्चा काढण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’ ठाण्यात त्यांना तोंडीच सांगण्यात आलं, परवानगी नाही. रिकामे हंडे घेऊन बाया माघारी फिरल्या. एक म्हातारी माझ्यापाशी थांबून म्हणाली, “आमले पानी जोयजे भाऊ, परवानगी नही.” त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांच्या हक्काची विनंती मीच करून ठेवली होती.

संविधानाच्या कलम १९(१) मध्ये बोलण्याचा हक्क आहे आणि त्याच्याच खाली शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. म्हणून निवेदनाचं पहिलं वाक्य आता मी असं लिहितो : ‘आम्ही खालील सही करणारे नागरिक अमुक तारखेला, अमुक वेळेत, अमुक ठिकाणी शांततेने जमणार आहोत, हे आपणांस कळवीत आहोत.’ त्याखाली अंदाजे किती माणसं, कुठून कुठे चालणार, किती वाजता उठणार आणि जबाबदार दोघा-तिघांची नावं व फोन नंबर. मागण्या वेगळ्या कागदावर, तहसीलदारांच्या नावे. दोन्ही एकात मिसळले की कोणाचंच उत्तर येत नाही.

परवानगी मागायची ती भोंग्याची आणि मंडपाची. भोंगा रात्री दहा ते सकाळी सहा बंदच. रस्ता आणि वेळ पोलीस बदलून देऊ शकतात, ते मान्य करा. सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या हिंमतलाल शहांच्या खटल्यात १९७२ साली सांगून ठेवलंय की सार्वजनिक रस्त्यावरच्या सभेचं नियमन करता येतं, पण ती मनाला येईल तशी नाकारता येत नाही. उलट बाजूही ध्यानात असू द्या : २०२० साली शाहीनबागच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की रस्ता बेमुदत अडवून बसता येणार नाही. म्हणून उठण्याची वेळ लिहाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं : पोच. निवेदनाच्या दोन प्रती काढा. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ असं म्हणतील. ठेवून जाऊ नका. बाकड्यावर बसा, पाणी प्या, पण शिक्का उमटेपर्यंत हलू नका. शिक्का पुसट आला तर पुन्हा मारून घ्या. पुसट आकडा नंतर कोणी वाचत नाही.

नकार मिळाला तर लेखी मागा. कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेचा आदेश, एवढंच विचारा. जमावबंदी असेल तर ती दोनपैकी एका कायद्याखाली असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालची मनाई सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपलीकडे चालत नाही. पूर्वीचं कलम १४४ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय. त्याचा आदेश साधारण दोन महिने टिकतो, त्यापुढे वाढवायचा तर राज्य सरकारच वाढवू शकतं. आदेश चालू असेल तर मात्र तो मोडू नका. तेव्हा परवानगीच मागा, नाहीतर तारीख पुढे घ्या आणि तसं लेखी कळवा.

कलम ३७ च्या आदेशात बहुतेक वेळा लाठ्या-काठ्यांनाही बंदी असते. म्हणून फलक काठीला ठोकू नका. खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहा, दोन भोकं पाडा, सुतळीने गळ्यात अडकवा. हंडा डोक्यावर असला की हात तसेही मोकळे नसतात. फलकावर पाण्याचं लिहा, कोणाच्या चारित्र्याचं लिहू नका. अब्रुनुकसानी आणि चिथावणीला कलम १९(२) चं कुंपण आहे. वार्ताहराला बोलवा. वृत्तपत्रांसाठी संविधानात वेगळं कलम नाही, त्यांचा हक्क तुमच्या बोलण्याच्या हक्कातूनच येतो.

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार गोळी लागून पडला. पंधरा वर्षांचा पोर. तेव्हा असं कलम नव्हतं. नवं निवेदन लिहायला घेतलं की मला त्याची आठवण होते.

त्या बाया पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. या वेळी ‘कळवीत आहोत’ लिहिलं, शिक्का घेतला. अकरा वाजता कचेरीच्या फाटकासमोर, येण्या-जाण्याची वाट सोडून, दोन रांगांत हंडे मांडले. दीड वाजता नायब तहसीलदार बाहेर आले, मागण्यांचा कागद घेतला. म्हातारीने आधी दुसरी प्रत पुढे केली, सहीसाठी.