कुस्ती सुटल्यावर तालीम कशी सांभाळावी

गुडघा गेला की लढणं संपतं, पण पहाटे साडेचारला डोळा उघडायचा तो उघडतोच. लालबागच्या आमच्या तालमीची किल्ली माझ्याकडे आली ती अशीच.

वस्ताद व्हायचंय? मग आधी पोरांकडे नाही, मातीकडे बघा. तांबडी माती चाळून घ्या, खडा राहिला तर पाठ सोलते. तीत हळद, ताक, लिंबू, तेल आणि काव मिसळा. मुठीत दाबली की गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा. रोज उकरा. मुंबईच्या पावसाळ्यात ती कुबट होते, तेव्हा पाणी शिंपडणं बंद आणि खिडक्या उघड्या. कुणाच्या अंगावर गजकर्ण दिसलं तर बरं होईपर्यंत त्याला आखाड्यात उतरवू नका, कितीही रुसू दे.

नव्या पोराला पहिला महिना डाव नाही. जोर, बैठका आणि खोरं.

जपानात सुमोचा निवृत्त मल्ल ओयाकाता, म्हणजे तालमीचा वस्ताद, झाला की पोरं त्याच्याच तालमीत राहतात, सकाळी उपाशीपोटी सराव करतात, मग चांकोनाबे, म्हणजे मांस-भाज्यांचा रस्सा, खातात. घरदार सांभाळते त्याची बायको, तिला ओकामीसान म्हणतात. आमच्या हिला कोण काय म्हणणार? दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांची थंडाई वाटते बिचारी!

खुराकाच्या पैशांचं आईबापांशी पहिल्याच दिवशी बोला. मी लाजलो, दोन वर्षं बदाम माझ्या खिशातून गेले. आणि ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर होते, तेव्हा आठवड्यातून दोनदा पोरांना मॅटवर न्याच.