किमो चालू असताना घरी हृदयावर नजर कशी ठेवायची

आईच्या किमोची तिसरी फेरी झाली आणि ती म्हणाली, "माही चप्पल आखूड झाली रे." मी दारव्ह्याच्या बाजारातून एक नंबर मोठी चप्पल आणली. पाय सुजलेत हे डोक्यात यायला आठ दिवस गेले. तुम्ही चप्पल आणू नका. नडगीवर अंगठा दाबा, दहा आकडे मोजा, सोडा. खळगा तसाच राहिला तर पाणी साचतंय, हृदय थकल्याची ती खूण असू शकते.

स्तनाच्या कॅन्सरला बऱ्याचदा जे लाल सलाईन लावतात, त्यात डॉक्सोरुबिसिन असतं. पेशीतल्या टोपोआयसोमरेज या विकराला ते अडकवतं, मग डीएनए तुटतो. या विकराचं एक रूप कॅन्सरच्या वाढत्या पेशीत, दुसरं हृदयाच्या पेशीत. मार दोघांनाही बसतो. हृदयाच्या पेशी नव्याने जवळपास तयारच होत नाहीत. म्हणून या औषधाचा हिशेब जन्मभराचा असतो. प्रत्येक फेरीला किती गेलं ते लिहून घ्या.

पहिल्या सलाईनआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढाच. त्यात ईएफ लिहिलेला असतो, म्हणजे डावा कप्पा भरल्यावर एका ठोक्याला त्यातलं किती टक्के रक्त बाहेर जातं. तो आधीपेक्षा १० ने उतरून ५० च्या खाली आला, की डॉक्टर सावध होतात. नागपुरात मला विचारलं, "आधी किती होता?" पहिला रिपोर्ट घरी, पेटीत, सातबाऱ्यासोबत! त्यासाठी दुसऱ्या दिवशी परत एसटी. फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, चहाच्या आधी. आमची जमीन सारवलेली, काटा डगमगायचा. मग न्हाणीतली शहाबादी फरशी उचलून खाली टाकली. आकडा कालनिर्णयच्या चौकोनात. तीन दिवसांत २ किलो वाढलं, झोपताना एक उशी जास्त लागली, की फोन करा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

वजन स्थिर दिसलं तरी फसू नका. कॅन्सर आणि थकलेलं हृदय, दोघंही अंगातलं मांस खातात, आणि सूज ते झाकते. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या तेव्हा चप्पल बसत नव्हती.

उलटी वाटही असावी, आजारी हृदयाकडून कॅन्सरकडे. २०१८ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात हृदय निकामी झालेल्या उंदरांच्या आतड्यात गाठी जास्त वाढल्या. आजारी हृदय रक्तात जी प्रथिनं सोडतं, त्यांच्यावर संशय आहे. माणसात हे अजून पक्कं नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं मात्र पक्कं आहे, तो दोन्हीकडून मारतो. हे मी वॉर्डाबाहेर खर्रा घोटत ऐकलं, लाज वाटली.

मिठाचं पथ्य सगळ्यात अवघड. सैंधवही मीठच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, हृदयाच्या काही गोळ्यांसोबत ते धोक्याचं, न विचारता आणू नका. लोणच्याची बरणी मी काकूकडे नेऊन ठेवली. आई आता रोज दुपारी काकूकडे "बसायला" जाते.