ठासणीच्या बंदुकांचा मेळा भरवायचा असेल तर

अमेरिकेच्या रॉकी पर्वतात बीव्हरची कातडी मिळवणारे शिकारी आणि त्यांना माल पुरवणारे व्यापारी वर्षातून एकदा ठरल्या जागी भेटत. विल्यम अ‍ॅशलीने १८२५ साली हेन्रीज फोर्कच्या काठी भरवला तो पहिला मेळा. ग्रीन रिव्हरच्या खोऱ्यात १८४० साली भरला तो शेवटचा. आज 'राँदेव्हू' नावाने भरणारे ठासणीच्या बंदुकांचे (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या बंदुकांचे) मेळे याच काळाची उजळणी करतात, म्हणून १८४० नंतरची वस्तू छावणीत दिसायची नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. नवे आयोजक सगळा जीव या नियमात ओततात: तंबू कसला, बटणं कसली, किटली कसली. ते हवंच. पण मेळा रंगतो की फसतो हे ठरतं ते गोळीबाराच्या रेषेवर. तयारी तिथून सुरू करा.

जागा आणि परवानग्या

सुती फडक्यात गुंडाळलेली गोल गोळी अर्ध्या मैलापलीकडेही जाऊ शकते. त्यामुळे पाठीशी मातीचा उंच बांध किंवा भरीव टेकडी नसेल तर ती जागा सोडून द्या. झाडांची दाट रांग म्हणजे बांध नव्हे. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या आणि विमा काढताना 'काळी दारू' (या बंदुकांत भरायची जुन्या पद्धतीची स्फोटक पूड) हे शब्द कागदावर आले आहेत ना, ते वाचून बघा.

१९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टनुसार १८९८ किंवा त्याआधीची बंदूक, तसंच तयार काडतूस न चालणारी ठासणीची प्रतिकृती 'अँटिक' ठरते. खेळासाठी आणि सांस्कृतिक कामासाठी ५० पौंडांपर्यंत कारखान्यातली काळी दारू बाळगायला संघीय परवाना लागत नाही. यावर विसंबून मात्र राहू नका, कारण राज्यांचे कायदे वेगळे असतात आणि काउंटीचे आगीचे नियम त्याहून वेगळे. पश्चिमेकडे उन्हाळ्यात उघड्या शेकोटीवर बंदी येते. ती आली तर छावणीचा स्वयंपाक कशावर होणार, हे आमंत्रणाआधीच ठरलेलं असावं.

रेषा आखणं

नेमबाजांच्या दोन जागांमध्ये किमान सहा फूट सोडा. चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या बंदुकीत रंजक (बाहेरून घातलेली चिमूटभर बारीक दारू) पेटली की कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रातून, आगीचा फवारा बाजूला निघतो. उजव्या कुलपाच्या (बार पेटवणारी यंत्रणा उजवीकडे असलेल्या) बंदुकीतून उजवीकडे, डाव्या कुलपाच्या बंदुकीतून डावीकडे. म्हणून उजव्या कुलपाच्या चकमकवाल्यांना रेषेच्या उजव्या टोकाला उभं करा, डाव्या कुलपाच्यांना डाव्या टोकाला आणि टोपीच्या (छोट्या स्फोटक टोपीवर घोडा आपटून पेटणाऱ्या) बंदुका मधे. एवढी एक गोष्ट पाळली तर शेजाऱ्याच्या गालावर ठिणगी बसण्याचे प्रकार जवळजवळ संपतात.

बार भरायची बाकं रेषेच्या मागे, आणि त्याच्या मागे दोर. दोरापलीकडे प्रेक्षक. दोराच्या आत आलेल्या प्रत्येकाला, पंचांनासुद्धा, चष्मा आणि कानाचं संरक्षण सक्तीचं. दारूपासून ५० फुटांत विडी-सिगारेट, शेकोटी, कंदील काही नाही. बाकावर दारूचा डबा उघडा ठेवू नका. दारू ठेवायच्या पोकळ शिंगाचं बूच प्रत्येक मापानंतर बसलंच पाहिजे.

वेळेचा हिशोब बहुतेकांचा इथेच चुकतो. नळी पुसणं, भरणं, रंजक घालणं, नेम धरणं यात एका बाराला दोन-तीन मिनिटं जातात. लक्ष्य बदलणं आणि न उडालेले बार धरून पाच बारांच्या फेरीला पंचवीस मिनिटं लागतात. दहा जागा आणि चाळीस नेमबाज असतील तर चार फेऱ्या, म्हणजे दोन तास मोकळे हवेत. हेच काम तासाभरात बसवायला गेलात की माणसं घाईत भरतात, आणि ठासणीच्या बंदुकीतल्या जवळजवळ सगळ्या चुका घाईच्या असतात.

गजावरच्या दोन खुणा

नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाचा गज (नळीत गोळी ठासायची काठी) तपासा. रिकाम्या नळीत गज सोडून तो तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी पहिली खूण. नेहमीचं माप भरून, गोळी दारूवर नीट बसवून, पुन्हा तोंडाशी दुसरी खूण. आता बार भरल्यावर ही दुसरी खूण तोंडाशी बरोबर आली तर ठीक. खूण नळीच्या आत गेली तर दारू कमी आहे किंवा घालायचीच राहिली. तोंडाच्या वर राहिली तर गोळी अर्ध्यात अडकली आहे किंवा एकावर एक दोन बार भरले गेले आहेत. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगते, फुटूही शकते. खुणा नसलेला गज रेषेवर येऊ देऊ नये, मग तो कितीही जुन्या जाणकाराचा असो.

लाकडी गज तोंडापासून सहा-आठ इंचांवर धरून छोट्या छोट्या रेट्यांनी खाली न्यायचा. लांब धरून जोर लावला तर तो वाकतो, तिरका फुटतो आणि त्याची धारदार ढलपी तळहातात घुसते.

दारू शिंगातून थेट नळीत कधीच ओतू द्यायची नाही. मागच्या बाराचा निखारा आत राहिला असेल तर मापातली दारू भडकून हात भाजेल, पण अख्खं शिंग हातात फुटलं तर माणूस जातो. धूररहित दारू तर मैदानात आणायचीच नाही, कुठल्याही कारणासाठी. .५० इंच व्यासाच्या नळीला साधारण 'दोन एफ' दाण्याची दारू (एफ जितके जास्त तितका दाणा बारीक), .४५ आणि त्याखाली 'तीन एफ', रंजकेला 'चार एफ'. माप बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेत हवं. ७० ग्रेनच्या मापाने एका पौंडात (७,००० ग्रेन) शंभर बार होतात, त्यावरून नेमबाजांना किती आणायची ते कळवा.

बार उडाला नाही तर

हुकूम चारच ठेवा: भरा, रंजक घाला, उडवा, थांबा. रंजक किंवा टोपी रेषेवर उभं राहिल्यावरच, नळी समोर असताना. न उडालेली बंदूक समोरच रोखून पूर्ण एक मिनिट थांबायचं, कारण आत धुमसणारा बार उशिरा उडू शकतो. मग कानात सुई घालून वाट मोकळी करायची, नवी रंजक, पुन्हा चाप.

बार वारंवार फुसके जात असतील तर दोष बहुधा पुसण्यात असतो. कोरड्या हवेत दारूची काजळी कडक होते आणि गोळी अर्ध्यावर अडते, म्हणून बारांमध्ये ओल्या फडक्याने नळी पुसतात. फडकं निथळतं असेल तर ते पाणी आणि काजळी तळाशी ढकलतं आणि पुढचा बार ओला होतो. फडकं ओठांना दमट लागेल इतकंच ओलं, आणि त्यामागून एक कोरडं. बोलता बोलता दारूशिवाय गोळी ठासली जाणं हेही रोजचंच. अशा वेळी नेमबाजाने हात वर करावा. पंचाच्या देखरेखीत कानातून थोडी 'चार एफ' आत सारायची, गोळी गजाने पुन्हा तळापर्यंत बसवायची आणि समोरच्या बांधात उडवायची. दाबलेल्या वायूने गोळी बाहेर ढकलायचं छोटं साधन मिळतं, ते पंचांच्या पेटीत असू द्या. त्याने खोळंबा खूप वाचतो.

लढाईचा देखावा

देखाव्यातले बिनगोळीचे बार आणि नेमबाजीचे गोळीचे बार एका दिवशी ठेवू नका. ठेवलेत तर देखाव्यात उतरणाऱ्यांच्या पिशव्या आणि नळ्या मैदानाच्या तोंडाशी तपासा, गोळी, फडकं, गज सगळं बाहेर. देखाव्यात गज ओढायचाच नाही. ठासताना विसरलेला गज भाल्यासारखा सुटतो. समोरासमोर असलात तरी नळी माणसावर नव्हे, त्याच्या डोक्यावरून वर रोखलेली हवी. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या जागांवर लढाईचे देखावे चालत नाहीत, तिथे फक्त प्रात्यक्षिक करता येतं.

रानवाट आणि छावणी

मेळ्याचा जीव असतो रानवाटेत. बारा-पंधरा ठिकाणी लोखंडी लक्ष्यं, पंधरा ते साठ यार्डांवर, चार-पाच जणांच्या तुकड्या, लागलं की एक गुण. वाट अशी वळवा की कुठल्याही ठिकाणची नळी दुसऱ्या तुकडीकडे वळणार नाही. लोखंडी पत्रा साखळीवर थोडा पुढे कलता टांगा, म्हणजे शिशाचे तुकडे जमिनीकडे उडतात. कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी चिरून दोन्ही बाजूंच्या मातीच्या चकत्या फोडायचा खेळ लोकांना फार आवडतो. तिथे प्रेक्षकांचा दोर आणखी मागे घ्या.

बक्षिसांसाठी घोंगडीची पद्धत उत्तम. भाग घेणारा प्रत्येक जण घोंगडीवर एक वस्तू ठेवतो, आणि निकालाच्या क्रमाने एकेक जण आवडेल ती उचलतो. शेवटच्या माणसालाही काहीतरी मिळतं.

छावणीच्या मुख्याला 'बुशवे' म्हणतात, शिस्त पाहणाऱ्यांना 'डॉग सोल्जर'. या दोघांना कुणालाही रेषेवरून बाहेर काढायचा अधिकार असला पाहिजे आणि तो सगळ्यांना माहीत हवा. आधुनिक तंबू आणि गाड्या वेगळ्या भागात. प्रत्येक शेकोटीशी पाण्याची बादली आणि फावडं. कापडी तंबूंच्या दोन रांगांमध्ये गाडी जाईल एवढी वाट.

संध्याकाळी गरम पाण्याच्या दोन मोठ्या किटल्या तयार ठेवा. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते, आणि रात्रभर न धुतलेल्या नळीत सकाळी गंज दिसतो. नळ्या धुणं चालू असताना दोघा-तिघांनी बादली घेऊन रेषेपुढच्या गवतात फिरावं. बारातून सुटलेली फडकी पुढे गवतात पडतात आणि कधी कधी तासभर धुमसतात. गोळा करताना ती बघाही: मधोमध जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा फडकं पातळ, कडेला चिरलं असेल तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण. ज्याची त्याला दाखवा, म्हणजे उद्याच्या फेरीआधी त्याला दुरुस्त करता येईल.