माइकसाठी रंगीत केबल घेताय? या चुका टाळा

गणेशोत्सवातला वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. बारा माइक, बारा रंगांच्या केबल, सगळ्या स्टेजबॉक्समध्ये, म्हणजे स्टेजवरच्या केबल जोडायच्या पेटीत, खोचलेल्या. लाल गायिकेची, तपकिरी ढोलकीची, असं सगळं मी स्वतः लावलेलं. दुपारी साउंड चेकला कुठेच अडचण आली नाही. रात्री तिसऱ्या गाण्याला ढोलकीत खरखर सुरू झाली. मदतनीस मुलाला म्हणालो, "पळ, स्टेजबॉक्सवरची तपकिरी बदल." नेमका त्याच वेळी लाइटवाल्याने पूर्ण स्टेज निळा केला होता. निळ्या उजेडात लाल काळा दिसतो आणि तपकिरीही काळाच दिसतो. पोराने लाल ओढली. अंतऱ्याच्या मध्यावर गायिकेचा आवाज गायब! चूक लक्षात येताच त्याने घाईने केबल परत खोचली. मिक्सरवर फँटमचं, म्हणजे केबलमधूनच माइकला वीज देण्याचं, एकच बटण सगळ्या चॅनलना होतं आणि ते कंडेन्सर माइकसाठी चालू ठेवलेलं. मी फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढायच्या आत स्पीकरमधून असा धडाका झाला की पुढच्या रांगेतली लहान मुलं रडायला लागली. मुलगा म्हणाला, "दादा, मला दोन्ही सारख्याच दिसल्या." त्याचं बरोबर होतं. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग निवडले होते मी.

ही चूक मला आजही दर सीझनला दिसते. नवीन मुलं बारा रंगांचं पाकीट उचलतात आणि त्यालाच सिस्टिम म्हणतात. लाल, मरून, तपकिरी हे रंग स्टेजवर वेगळे राहत नाहीत. पिवळ्या उजेडात पांढरा आणि पिवळा एक होतात, निळ्यात पांढरा आणि निळा. शिवाय काही जणांना लाल-हिरवा फरक मुळातच कळत नाही, आणि तुमचा मदतनीस त्यांतला असू शकतो.

मी आता चारच रंग वापरतो. रंगीत उजेडात यांतलेही काही सारखे दिसू शकतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबत नाही. लाल गाणाऱ्यांना, पिवळा तालवाद्यांना, निळा कीबोर्ड-गिटारला, पांढरा राहिलेल्यांना. एका गटातली कितवी केबल, ते पट्ट्यांच्या संख्येने. लाल दोन पट्ट्या म्हणजे दुसरी गायिका. पट्ट्या हीट श्रिंकच्या (गरम केल्यावर आवळून बसणाऱ्या) जाड नळीच्या, त्यामुळे अंधारात अंगठा फिरवला तरी मोजता येतात. आणि त्या दोन्ही टोकांना हव्यात! फक्त माइकच्या बाजूला रंग लावून स्टेजबॉक्सवर वायर ओढत बसणारे लोक बघितले की जीव तुटतो. नवीन रंग घ्यायच्या आधी मी अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा स्क्रीन पूर्ण निळा करून त्याच्या उजेडात पाहतो. मिनिटभराचं काम आहे.

रंग दाखवायला चिकटपट्टी गुंडाळू नका. उन्हात गोंद पाझरतो, धूळ बसते आणि हात चिकट होतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे वरचं आवरण जाड दिसलं की केबल मजबूत समजणं. जाडी प्लास्टिकचीही असते. मी आधी कनेक्टर उघडतो. ओतीव, न उघडणारा कनेक्टर असेल तर केबल घेतच नाही, कारण आत तार तुटली की तो कापूनच टाकावा लागतो. उघडल्यावर शील्ड, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं खरखर अडवणारं धातूचं वेष्टन, बघा. नुसता चंदेरी कागद आणि एक उघडी तार असेल तर ती केबल भिंतीत कायमची बसवायला ठीक. रोज गुंडाळली तर तो कागद फाटतो. स्टेजसाठी तांब्याची विणलेली जाळी हवी. एक नंबर पिनला शील्ड, दोन आणि तीनवर आतल्या दोन तारा, आणि मागच्या नटाने वरचं आवरण घट्ट पकडलेलं. ही पकड ढिली असेल तर सगळा ताण सोल्डरवर येतो.

दोन किंवा तीनपैकी एक तार सुटली तर डायनॅमिक (फँटम न लागणारा) माइक पूर्ण बंद पडेलच असं नाही, पण आवाज बारीक आणि पातळ होतो. उतावळा माणूस लगेच मिक्सरवर गेन (माइकचा सिग्नल मोठा करणारं बटण) वाढवतो, मग शिट्टी सुरू होते आणि बोल बिचाऱ्या माइकला लागतो. आधी केबल बदलून बघायला हवी. सोल्डर न करता तारा पिळून वर टेप मारण्याला मी दुरुस्ती म्हणतच नाही.

कोपर आणि पंजाभोवती केबल गुंडाळू नका, आतल्या तारांना पीळ बसतो. एक वेढा सरळ, एक उलटा घाला. हाताला सवय व्हायला आठवडा लागतो.

मेन्सच्या (विजेच्या) वायरीला खेटून माइकची केबल नेऊ नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

लाइटवाल्याला केबल उसनी देऊ नका. डीएमएक्सचं (लाइट नियंत्रित करणाऱ्या सिग्नलच्या केबलचं) टोकही बऱ्याचदा तसंच तीन पिनांचं असतं, पण त्याला 110 ओहमची केबल लागते. आपल्या केबलवर लाइट कधी कधी लुकलुकतात आणि आपली केबल त्याच्या पेटीत जाते ती जातेच.

आणि कार्यक्रमात एखादी केबल खरखरली, तर ती काढल्या काढल्या टोकाशी सैल गाठ मारा. "घरी गेल्यावर बघू" म्हणून पेटीत टाकलेली केबल पुढच्या कार्यक्रमात बरोबर गायिकेच्याच माइकला लागते. माझ्याकडे गाठीच्या केबलसाठी वेगळी पिशवी आहे, आणि मीटरवर तिन्ही पिना तपासल्याशिवाय त्यातली एकही गाठ सुटत नाही.