पाणी बदललं, तांबडा बदलला

कापडावर काम करायचंय, पण शाळेची नोकरी सोडता येत नाही आणि घरही एका जागी टिकत नाही, असं म्हणणाऱ्या दोन-तीन मुली दरवर्षी भेटतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहिते. मी बेळगावातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. उरलेल्या वेळात कापड रंगवते, कसुती (धागे मोजून भरायचं कर्नाटकी भरतकाम) भरते, वाकळा शिवते. पूर्वी विणायचेसुद्धा.

२०१९ च्या ऑगस्टपर्यंत आम्ही बेळगावातल्याच वडगावात राहत होतो. सासर आणि माहेर एकाच गल्लीत. पुढच्या खोलीत सासऱ्यांचा खड्डा माग होता, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग. त्या पावसात पाणी उंबऱ्यावरून यायच्या आधी मागाच्या खड्ड्यातूनच वर आलं. ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, मागावर तसाच होता. सात ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. त्या आठवड्यात आम्ही बादल्यांनी खड्डा उपसत होतो. मागची भिंत पडली, मागाची लाकडं फुगली, आणि आम्ही हिंडलग्याकडं भाड्याच्या दोन खोल्यांत गेलो. माग उभा करायला तिथं जागा नव्हती. विणकाम तिथंच थांबलं, त्यावर जास्त लिहीत नाही.

पुण्याच्या एका दुकानाची बारा तांबड्या उपरण्यांची ऑर्डर हातात होती. सहा रंगवून झाली होती. उरलेली सहा मी नव्या घरात रंगवली. पद्धत तीच: कापड सोड्यात उकळून धुवायचं, कापडाच्या वजनाच्या २० टक्के हिरड्याच्या पाण्यात ठेवायचं, मग १५ टक्के तुरटी, मग मंजिष्ठा (तांबडा रंग देणारी मुळी). मंजिष्ठेचं पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर तांबड्यात तपकिरी उतरते, म्हणून थर्मामीटर धरून बसले. तरी दुसरी सहा उपरणी विटकरी-नारिंगी आली. पहिली सहा तशीच डाळिंबी तांबडी. दुकानानं बाराही परत पाठवली. चूक त्यांची नव्हती.

आठवडाभर मी मंजिष्ठेच्या दुकानदाराला दोष देत होते. शेवटी सासूबाई भांडी घासताना म्हणाल्या, "इथल्या पाण्याला साबण किती फेसतो बघ की." तेव्हा डोक्यात उजेड पडला. वडगावात आम्ही बोअरचं जड पाणी वापरत होतो, इथं नळाला राकसकोप धरणाचं मऊ पाणी. मंजिष्ठेला पाण्यातला चुना लागतो, त्यानंच तिचा तांबडा गडद होतो. मग शाळेतल्या खडूची पूड चिमूटभर टाकून बघितली. (फळ्याचा खडू बहुतेक जिप्समचा असतो, पण कॅल्शियम त्यातही असतंच.) रंग बराच जवळ आला. तेव्हापासून वहीत प्रत्येक नमुन्याचा तुकडा स्टेपल करते आणि खाली पहिली नोंद पाण्याची: कुठलं, कुठल्या महिन्यातलं, साबण फेसतो की नाही. पाककृती काय, कुणाकडूनही मिळते. पाणी ज्याचं त्यालाच लिहावं लागतं.

आता वेळेचं. "वेळ कसा काढता?" हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. वेळ निघत नाही, तुटक मिळतो. म्हणून मी कामाचेच दोन ढीग केले. एक मधेच सोडता येणारं, एक न येणारं. कसुती पहिल्या ढिगातली. कापडाचे धागे मोजून भरायचं, गाठ मारायची नाही. गवंती हा कसुतीतला टाका तर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसायला हवा. मोजणी चुकली की उसवायचं, एवढंच. सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला तेव्हा इस्पितळाच्या बाकावर मी कसुतीतली एक गोपुराची नक्षी पूर्ण केली. वाकळही त्याच ढिगातली. ठिगळं पिशवीत, सुई पदराला.

न सुटणारं काम म्हणजे रंग. निळीचा हंडा तर तान्ह्या पोरासारखा. नीळ एक भाग, चुना दोन, गूळ तीन. गुळाची आपल्याकडं कमी नाही. हंडा जिवंत असला की आतलं पाणी पिवळट हिरवं दिसतं, वर तांब्यासारखी साय येते आणि कापड बाहेर काढल्यावर हवेत हिरव्याचं निळं होतं. मार्चमध्ये वार्षिक परीक्षेच्या गडबडीत मी पंधरा दिवस त्याच्याकडं बघितलं नाही; हंडा मेला. गूळ घालून, कोमट करून उठवायचा प्रयत्न केला, नाही उठला. आता रंगाचं सगळं काम मी एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि दसऱ्याच्या सुट्टीत ठेवते. जून ते सप्टेंबर बेळगावात काही वाळत नाही, ओल्या कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. पावसाळा सुईचा.

शिकवण्याचं ओझं होतं, हे खरं. कर्नाटकाच्या लोअर आणि हायर ग्रेडच्या चित्रकला परीक्षांची तयारी शनिवारचे तास खाते. पण पगार येतो म्हणून मी सूत घाईनं विकत घेत नाही आणि कमी भावात विकत नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा चित्रकलेचा तासच आधी गेला आणि काही महिने पगार अर्धा आला. त्या काळात पहिल्यांदा कळलं की माझ्या वाकळेला मी कापडाचाच भाव लावत होते, हाताचा नाही. आता बसले की तास लिहिते, अर्धा तास असला तरी.

एक कोरडी सूचना: कारागीर म्हणून सरकारी ओळखपत्र काढून ठेवा, आणि कागद लोखंडी ट्रंकेत जमिनीवर ठेवू नका. माझे भिजले. घर बदललं की पत्ताही लगेच बदलून घ्या. जुन्या पत्त्यामुळं एका प्रदर्शनाचं पत्र मला दीड महिन्यानं मिळालं.

तांबडा खडूनं जवळ येतो, पण अगदी तोच येत नाही. म्हणून मोठं काम असलं की वडगावात आईकडं जाते आणि स्कूटरवर पुढं-मागं दोन कॅन बोअरचं पाणी घेऊन येते. भाऊ हसतो. आई परवा कॅनचं झाकण आवळून देत म्हणाली, "माहेरातनं पोरी लोणचं न्यायच्या. तू पाणी न्यायला लागलीस."