नस तुटली म्हणून रिसेप्टर मरत नाही

मूत्राशयाच्या पेशींवर नसांचे रासायनिक निरोप पकडणारे रिसेप्टर असतात: एम-३ आकुंचनाला, बीटा-३ सैल पडायला, अल्फा-१ मूत्राशयाच्या तोंडाशी, हे तुम्हाला पाठ असेलच. मलाही होतं. तरी पहिल्याच व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मी कोसळलो. प्रश्न साधा होता: मूत्राशयाची नस तुटली तर एम-३ रिसेप्टरचं काय होतं? मी छातीठोकपणे सांगितलं, "निकामी होतो." परीक्षकांनी पुढचं काही विचारलंच नाही.

खरं अगदी उलट आहे. नसेकडून येणारं ॲसिटिलकोलीन, म्हणजे एम-३ ला 'आवळ' सांगणारं रसायन, आटलं की स्नायू त्याच्यासाठी हळवा होतो, थोडंसं मिळालं तरी जोरात आवळतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ कॅनन यांनी हा नियम १९३९ मध्ये मांडला. मूत्ररोगतज्ज्ञ लॅपिडिस यांची बेथानेकॉल चाचणी त्यावरच उभी होती: ॲसिटिलकोलीनसारखं हे औषध द्यायचं आणि मूत्राशय किती जोरात आवळतं ते बघायचं. आता ती मागे पडली, कारण नुसता जंतुसंसर्ग असला तरी पॉझिटिव्ह येऊ शकते.

इथे सावकाश वाचा, मी दुसऱ्यांदा इथेच फसलो. मज्जारज्जूतून निघालेली पॅरासिम्पथेटिक नस, म्हणजे मूत्राशयाला आवळायला लावणारी, थेट स्नायूपर्यंत जात नाही. मध्ये गँगलियन, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, असतं, आणि मूत्राशयाच्या बाबतीत ते भिंतीत किंवा भिंतीच्या जवळच असतं. म्हणजे मज्जारज्जूला मार बसला तरी शेवटची चेतापेशी स्नायूला धरून जिवंत राहते. तुटतो तो वरून येणारा हुकूम. त्यामुळे स्नायू हळवा झालेला असतो आणि लघवी मात्र होत नाही. हळवेपणा वेगळा, एकजुटीने आवळून रिकामं होणं वेगळं. मी दोन्ही एकच धरून चाललो होतो.

एप्रिलमध्ये, हापूसच्या ऐन तोडणीत, कलमावरून पडलेले एक काका वॉर्डात आले. एल-१, म्हणजे कमरेचा पहिला मणका मोडलेला. मी हिशेब केला, एल-१ म्हणजे एस-२ ते एस-४ च्या, मज्जारज्जूतल्या लघवीच्या सॅक्रल केंद्रांच्या वर, खालची केंद्रं शाबूत. साफ चूक. मज्जारज्जू एल-१, एल-२ मणक्यांच्या आसपासच संपतो, सॅक्रल केंद्रं तिथेच असतात. मणक्याचा नंबर म्हणजे मज्जारज्जूचा नंबर नव्हे, हे कृपा करून आजच वहीत लिहा. काका म्हणाले, "माका कळना नाय, कपडो ओलो लागलो की समाजता." मी 'लघवी होते' असं लिहून मोकळा झालो. सिस्टरांनी त्यांच्या ओटीपोटावर हात ठेवला, मग माझा ठेवायला लावला. शहाळ्यासारखं टणक. कॅथेटर घातला तर ९०० मिली निघाली. कपडे ओले होत होते ते भरून वाहिल्यामुळे.

'वरची इजा ताठ, खालची लुळी', म्हणजे सॅक्रल केंद्रांच्या वर मार बसला तर मूत्राशय ताठ, केंद्रांवरच किंवा खाली बसला तर लुळं, या कोष्टकावर माझा राग आहे. वरच्या इजेतही सुरुवातीचे काही आठवडे मूत्राशय लुळंच असतं. मग मूत्राशयाची जाणीव वर नेणारे, एरवी गप्प असलेले बारीक सी-तंतू जागे होतात, त्यांच्यावरचे टीआरपीव्ही-१ नावाचे रिसेप्टर वाढतात आणि थोडं भरलं तरी मूत्राशय आवळू लागतं. एम-३ अडवणारं औषध तेव्हा कामाचं. काकांना त्या दिवशी दिलं असतं, तर उरलीसुरली ताकदही गेली असती.

पहिल्या वाचनात हे डोक्यात बसत नाही, म्हणून घाबरू नका. कोऱ्या कागदावर मज्जारज्जू, गँगलियन, स्नायू अशी तीन टप्प्यांची आकृती काढा आणि प्रत्येक टप्प्यावर एकदा काट मारून बघा. आणि गाईडपेक्षा जुन्या सिस्टरांच्या मागे फिरा, हे मी मनापासून सांगतो.

काका आता दर चार तासांनी स्वतःच कॅथेटर घालतात. गेल्या वेळी आले तेव्हा बागेतल्या मोहराबद्दल बोलत होते.