व्हिटॅमिन मोजायला शिकताना: यंत्राआधीचं काम

नव्याने प्रयोगशाळेत येणाऱ्यांची धाव आधी एचपीएलसीकडे, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राकडे असते. पण व्हिटॅमिन वाया जातं ते बहुतेकदा नमुना यंत्रात जाण्यापूर्वीच, आणि एकदा गेलेलं कुठलंही यंत्र परत आणत नाही. म्हणून सुरुवात व्हिटॅमिन सी च्या इंडोफिनॉल टायट्रेशनपासून करा: इंडोफिनॉल या रंगद्रव्याचं द्रावण थेंबाथेंबाने टाकायचं, व्हिटॅमिन सी त्याचा रंग घालवतं, आणि किती रंग लागला त्यावरून व्हिटॅमिन मोजायचं.

१५ ग्रॅम मेटाफॉस्फोरिक आम्ल आणि ४० मिलि ॲसिटिक आम्ल पाण्यात मिसळून ५०० मिलि करा. नमुना चिरल्यावर नव्हे, याच द्रावणात बुडवून वाटा. पेशी फुटल्या की तिथलं एन्झाइम आणि तांब्याचे अंश हवेच्या मदतीने ॲस्कॉर्बिक आम्ल (म्हणजेच व्हिटॅमिन सी) संपवू लागतात. रंगद्रव्यासाठी ५० मिग्रॅ इंडोफिनॉलचं सोडियम क्षार आणि ४२ मिग्रॅ सोडियम बायकार्बोनेट ५० मिलि पाण्यात विरघळवून, २०० मिलि करून गाळा. हे द्रावण टिकाऊ नाही, त्यामुळे त्याची ताकद रोज तपासायची.

मिलिलिटरला १ मिग्रॅ असलेलं प्रमाणित द्रावण २ मिलि घेतलं, त्याला ब्लँक (व्हिटॅमिन नसलेल्या द्रावणाला लागलेला रंग) वजा जाता १४.५ मिलि रंग लागला, तर १ मिलि रंग म्हणजे ०.१३८ मिग्रॅ. २० ग्रॅम नमुन्याचा अर्क १०० मिलि केला, त्यातल्या १० मिलिला ब्लँक वजा करून ७.२ मिलि लागले, तर २ ग्रॅममध्ये ०.९९ मिग्रॅ, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे ५० मिग्रॅ. गुलाबी छटा ५ सेकंद टिकली की थांबा. ती नंतर हळूहळू फिकी झाली म्हणून पुन्हा थेंब टाकू नका: लोह, सल्फाइट असे पदार्थ सावकाश रंग खातात आणि आकडा फुगतो. लालभडक नमुन्यात ही छटा दिसतच नाही, तिथे ही पद्धत सोडा. शिवाय डिहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे व्हिटॅमिन सी चं ऑक्सिडीकरण झालेलं रूप, इथे मोजलं जात नाही.

व्हिटॅमिन ए ची शत्रू उजेड आणि हवा. तपकिरी काचेची भांडी घ्या, पायरोगॅलॉलसारखा ऑक्सिडीकरणरोधक आधीच घाला, मग अल्कोहोलमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर गरम करून साबणीकरण करा, म्हणजे नमुन्यातल्या चरबीचा साबण होऊ द्या. मग हेक्झेन या द्रावकाने व्हिटॅमिन काढताना थर वेगळे करायचं फनेल जोरात हलवलं तर दुधाळ इमल्शन होतं आणि थर वेगळे होत नाहीत; हलक्या हाताने उलटसुलट करा, तरी अडलं तर थोडं मिठाचं संपृक्त पाणी घाला. हेक्झेनचा थर पाण्याने धुताना धुवणीत फिनॉल्फ्थॅलिनचा (अल्कली असल्यास गुलाबी होणाऱ्या दर्शकाचा) रंग येईनासा होईपर्यंत धुवा. शेवटी नायट्रोजनखाली वाळवा, आणि कोरडं पडलेलं भांडं तसंच ठेवू नका, लगेच विरघळवा.

रेटिनॉलचं (म्हणजे व्हिटॅमिन ए चं) प्रमाणित द्रावण नुसत्या वजनावर बनवणं मोठी चूक. बाटलीतला पदार्थ शुद्ध राहिलेला असेलच असं नाही. इथेनॉलमध्ये विरघळवून ३२५ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. १ टक्का द्रावणाचं १ सेंमी क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक भांड्यात) शोषण १८३५ धरतात, त्या हिशेबाने ०.५ म्हणजे मिलिलिटरला २.७ मायक्रोग्रॅम.

बी १२ आणि फोलेट ही व्हिटॅमिनं अजूनही जिवाणूंच्या वाढीवरून मोजतात. तिथे डिटर्जंटचा अंश राहिलेली परीक्षानळीही निकाल बिघडवते. एकाच नमुन्याची कमीत कमी तीन वेगवेगळी विरलनं (पाणी घालून पातळ केलेली द्रावणं) लावा. त्यातून निघालेले आकडे एका दिशेने सरकत असतील, तर नमुन्यात जिवाणूंना रोखणारं किंवा चेतवणारं काहीतरी आहे, आणि तो निकाल देऊ नये.